पन्नास वाघिणींची गाडी

हल्ली ज्याला त्याला नर्ड, म्हणजे एखाद्या विषयानं झपाटलेला, व्हायचंय. आमच्या हॉस्टेलमध्ये जाड काड्यांचा बिननंबरी चष्मा लावणारे आहेत, इन्स्टाच्या बायोत 'फिजिक्स नर्ड' लिहिणारे आहेत, आणि सुपरहिरोंचे सगळे सिनेमे ओळीने बघितले एवढ्या भांडवलावर स्वतःला नर्ड म्हणवणारे तर पोत्यानं सापडतील. राग नाही, हेवा वाटतो. आम्ही चौथी-पाचवीत होतो तेव्हा याच गोष्टीसाठी डबा एकट्यानं खावा लागायचा.

सुट्टीला मिरजेला आलोय. दुपारी बाहेर पडायची सोय नाही, रात्री लाइट जाते, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ आहे. म्हणून ही लांबण. कंटाळा आला तर स्क्रोल करा.

माझा किडा रेल्वेचा. मिरजेत वाढलेल्या पोराचा दुसरा कुठला असणार? (सतारीचा असू शकला असता, पण माझे कान बघता आमच्या तंतुवाद्यवाल्यांनी मला दारात उभं केलं नसतं.) आजोबा रेल्वेत होते. 1971 ला पुण्याकडून ब्रॉडगेज आली आणि पुढची वीसेक वर्षं मिरज जंक्शनात तीन रुंदीचे रूळ एकत्र नांदले. ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, बेंगळुरूकडे जाणारी मीटरगेज 1000, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूरला जाणारी नॅरोगेज, म्हणजे बार्शी लाइट, 762. हे आकडे मला सतराच्या पाढ्याआधी पाठ होते. गोवा एक्स्प्रेसचा नंबर, हरिप्रियाचा नंबर तोंडपाठ, आणि लांबून येणारं इंजिन जुनं अल्को डिझेल आहे की नवं, ते आवाजावरून कळायचं. आता मार्गावर वीज आली आणि अल्कोचा तो ठेका गेला, ते दुःख वेगळं. त्यावर स्वतंत्र पोस्ट होईल.

घरी यावर दोनच प्रतिक्रिया असायच्या. बाबा म्हणायचे, "याचा उपयोग काय?" आणि पाहुणे आले की आईच मला पुढे करायची, "विचारा याला कुठलीही गाडी." मी घडाघडा म्हणायचो, पाहुणे म्हणायचे "केवढा हुशार!", आणि पोहे यायचे. शाळेत रेल्वेला प्रवेश फक्त स्कॉलरशिपच्या गणितात. अमुक मीटर लांबीची आगगाडी बोगदा किती सेकंदांत ओलांडेल? मी विचारलं, घाट आहे का, मागून ढकलणारं बँकर इंजिन लावलंय का. सर म्हणाले, खाली बस.

मग आला एप्रिल 2016. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि ते मिरजेहून रेल्वेनं न्यायचं ठरलं. टाक्यांच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या, पाणी कृष्णेचं, भरणं हैदरखान विहिरीवरून. 11 एप्रिलला पहिली दहा वाघिणींची गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. नंतर पूर्ण पन्नास वाघिणींची, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. मी पुलावर उभा राहून वाघिणी मोजायचो. टीव्हीवर कोणी बोलत नव्हतं ती गोष्ट मला ठाऊक होती. ही गाडी जाते तो मार्ग म्हणजेच जुनी बार्शी लाइट. तो पट्टा टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज होऊन जेमतेम काही वर्षं झाली होती. नॅरोगेज असती तर या वाघिणी मिरजेच्या पुढे सरकल्याच नसत्या. हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. सगळे म्हणाले, केवढा हुशार.

कॉलेजात रूममेट मिळाला तो लातूरचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला ही सगळी कथा ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी का यायचा?" पाणी भरायच्या जागी भांडणं होतील म्हणून त्यांच्याकडे जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं. घागरींवर रंगानं नावं घातलेली त्याला आठवतात. मी मोबाइल काढून भागाकार केला. पन्नास वाघिणी म्हणजे 25 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत लातूर शहर 3 लाख 82 हजारांच्या पुढे. माणशी साडेसहा लिटर. एवढी लांबलचक गाडी, आणि माणसामागे अर्धी बादलीसुद्धा नाही.

हा भागाकार चौथीतल्या पोराला येतो. मला येत होता. तेव्हा समोर कोणी फक्त "मग ते पाणी किती जणांना पुरेल रे?" एवढं विचारलं असतं, तर मी पाहुण्यांचे पोहे टाकून वही घेऊन बसलो असतो. माझं म्हणणं एवढंच आहे. "उपयोग काय" म्हणणारे आणि "केवढा हुशार" म्हणणारे, दोघंही पोराला त्याच जागी थांबवतात. एकाला त्यातून मार्क हवेत, दुसऱ्याला करमणूक. किडा असलेल्या पोराला पुढचा प्रश्न हवा असतो आणि तो विचारायला रेल्वेतलं काही कळावं लागत नाही. चष्मा लावून नर्ड म्हणवणाऱ्यांशी माझं भांडण तेच आहे. बायोत लिहिलंय त्या विषयावर पुढचा प्रश्न टाकला की विषय बदलतात.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे माझा चुलतभाऊ. सहावीत आहे, त्याला एसटीचा किडा. बॉडी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात बांधली, चिकलठाण्याच्या की हिंगण्याच्या, हे तो बसकडे बघून सांगतो. काकू त्याला जूनपासून फाउंडेशन क्लासला घालायच्या बेतात आहे, संध्याकाळी रोज तीन तास. मी काल तिच्यापुढे वरचं सगळं भाषण केलं. लातूरच्या भागाकारासकट. तिनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझा गणिताचा एम-थ्री पेपर सुटला का रे?"

पुढचा प्रश्न विचारायला घरात एकटी तीच शिकलीय.