भाऊ, तुमच्या एक स्टारवर उत्तर: 13 मशीनवर सॉफ्टवेअर काहून आलं नाही

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. तुम्ही लिहिलं की सर्व्हर घ्यायला लावला, नवीन सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर आपोआप येईल म्हणून सांगतलं, 22 पैकी 9 वर आलं आणि बाकी 13 वर तीन दिवस काहीच नाही, ऐन पेरणीच्या तोंडावर काउंटरसमोर कास्तकारांची लाईन, आणि फोन केला तर उलट आमच्याच लोकांना म्हणाले की तुम्ही रिस्टार्ट केलं नाही. आणि शेवटी, पेन ड्राइव्ह घेऊन बसला असता तर एका दिवसात झालं असतं. यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून दोन ओळीत "सॉरी, संपर्क करा" असं लिहून सोडून द्यायचं नाही, काय झालं ते पूर्ण सांगतो.

आधी ताईंचं सांगतो, कारण तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला की सॉफ्टवेअर आलं नाही, मी म्हटलं रिस्टार्ट करा, त्या म्हणाल्या काल बंद केलं होतं, आज चालू केलं, तेच ना ते. मी म्हटलं नाही ताई, तुम्ही केलंच नसेल, केलं असतं तर आलं असतं. त्या गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी मी स्वतः दारव्ह्याहून आलो, त्यांच्याच खुर्चीवर बसलो, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो, तिथे खाली अप टाइम दिसतो म्हणजे मशीन किती वेळापासून चालू आहे ते. तिथे 19 दिवस दाखवून राहिलं होतं. आणि त्या ताई रोज संध्याकाळी स्वतः शटडाऊन करून, कव्हर टाकून घरी जातात, हे तुमच्या शिपायाने पण सांगतलं. म्हणजे ताई खरं बोलत होत्या आणि मी चुकीचा होतो. तिथेच त्यांची माफी मागितली, पण चारचौघांत फोनवर बोललो होतो म्हणून इथे पण मागतो.

आता 19 दिवस कसे काय, तर विंडोज 10 मध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक गोष्ट असते आणि ती बहुतेक मशीनवर चालूच येते. शटडाऊन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला आतला भाग हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तिथूनच उठतो, म्हणून लवकर चालू झाल्यासारखं वाटतं. मेन स्विच बंद केला, रात्रभर लाईन नसली तरी फरक पडत नाही. पण सर्व्हरवरून पॉलिसीने (म्हणजे सर्व्हरने सगळ्या मशीनला एकदाच लावून दिलेला नियम) जे सॉफ्टवेअर मशीनला लावलेलं असतं ते फक्त खऱ्या सुरुवातीला बसतं, कोणी पासवर्ड टाकायच्या आधी. आणि खरी सुरुवात रिस्टार्टने होते, बंद-चालूने नाही. उलट वाटते ना, मला पण हे शिकलो तेव्हा उलटच वाटलं होतं. तुमच्या 8 मशीनवर हेच झालं.

त्याला आणखी एक गोष्ट लागून होती. विंडोज चालू होताना नेटवर्कची वाट पाहत नाही, लॉगिनची स्क्रीन लवकर दाखवायची म्हणून पॉलिसी मागच्या मागे वाचतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की इथे सॉफ्टवेअर बसवायचं आहे पण आता वेळ निघून गेली, पुढच्या वेळी करू. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्यात तसं लिहून ठेवतो, 108 नंबरची नोंद आणि एरर 1274. म्हणून पहिल्या रिस्टार्टला नाही येत, दुसऱ्याला येतं. आमच्या पोराला हे माहीत होतं, पहिल्या दिवशी ज्या 9 मशीनवर आलं त्या त्याने दोन-दोन वेळा रिस्टार्ट केल्या होत्या. मग शेवटच्या येष्टीची वेळ झाली आणि तो तुमच्या लोकांना सांगून निघाला की सकाळी मशीन चालू कराल तेव्हा आपोआप येईल. तो "आपोआप" माझ्याच तोंडून शिकला. तुम्हाला कोटेशन देताना मी हाच शब्द वापरला होता, तीनदा वापरला असेल, आणि एकदाही सांगतलं नाही की त्याच्यासाठी मशीनने कसं चालू व्हायला पाहिजे.

पहिला अर्धा दिवस काहून गेला तेही सांगतो, कारण तुम्ही लिहिलं की माणूस दुपारपर्यंत नुसता बसून होता. बसून नव्हता भाऊ. सर्व्हरवरच्या ज्या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरची एमएसआय फाईल (इन्स्टॉल करायची फाईल) होती त्याची परमिशन फक्त माणसांना होती, म्हणजे डोमेनच्या युजरला (डोमेन म्हणजे सर्व्हरच्या हाताखाली जोडलेल्या मशीन आणि युजरचा गट). पोरगा कोणत्याही मशीनवर बसून फोल्डर उघडायचा तर बरोबर उघडायचं, म्हणून त्याचा शक तिकडे गेलाच नाही. पण इन्स्टॉल होते तेव्हा कोणी माणूस लॉगिन झालेला नसतो, मशीन स्वतःच्या नावाने सर्व्हरकडे जाते, आणि मशीनच्या नावाने परमिशन नव्हती. झाडायला सकाळी सात वाजता जी बाई येते तिलाच चावी नाही दिली आणि दहा वाजता येणाऱ्या सगळ्यांजवळ आहे, तसं ते झालं. शेअरवर (नेटवर्कवरून तो फोल्डर उघडतो तिथली परमिशन) आणि खुद्द फोल्डरवर, दोन्हीकडे कॉम्प्युटरला वाचायची परमिशन दिली तेव्हा पहिलं मशीन चाललं. ही चूक आमची, सेटअप आम्हीच केला होता.

उरलेल्या 5 चं वेगळं. तीन मशीनवर कोणीतरी कधीतरी इंटरनेट चालत नाही म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा) हाताने 8.8.8.8 म्हणजे गूगलचा टाकून ठेवला होता. इंटरनेट चालते त्याने, पण बाहेरच्या त्या डीएनएसला तुमच्या ऑफिसमधला सर्व्हर माहीतच नाही, म्हणून मशीनला आपला डोमेन सापडत नाही. आणि कोणाला कळत पण नाही, कारण विंडोज जुना पासवर्ड लक्षात ठेवतो, माणूस रोजच्यासारखा लॉगिन होते, सगळं ठीक दिसते. तिथे डीएनएस वापस सर्व्हरचा केला, दोनदा रिस्टार्ट केलं, आलं. कोणी टाकला ते शोधू नका, हे जिकडे तिकडे करतात आणि चांगल्या मनाने करतात. आणि दोन मशीन विंडोज होमच्या निघाल्या, होम एडिशन डोमेनमध्ये येतच नाही, त्यांच्यावर पॉलिसीने काही जाणं शक्य नव्हतं. हे आम्ही कोटेशनच्या आधी मशीन मोजायला आलो तेव्हाच पाहायला पाहिजे होतं, आम्ही फक्त संख्या लिहून नेली. त्या दोघांवर पेन ड्राइव्हनेच टाकलं.

पेन ड्राइव्हच्या गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. हो, 22 मशीन एका दिवसात झाल्या असत्या. पण तुमच्या त्या सॉफ्टवेअरचं अपडेट येत राहते, व्याजाचा हिशोब बदलला की येते, रिपोर्ट बदलला की येते, आणि दर वेळी एका काउंटरवर नवीन, दुसऱ्यावर जुनं असं झालं की संध्याकाळी टोटल जुळत नाही. मागच्या वर्षी तुम्हीच मला त्या रात्री नऊ वाजता फोन केला होता, आठवते ना. सर्व्हर त्यासाठी घ्यायला सांगतला, माझं बिल वाढवायला नाही. एवढं मी ठामपणे म्हणतो.

आता मशीनची परिस्थिती: सगळ्यांवर फास्ट स्टार्टअप बंद केला आहे, आणि चालू होताना नेटवर्कची वाट पाहायची ती पॉलिसी लावली आहे. त्यामुळे सकाळी मशीन उठायला आधीपेक्षा थोडा वेळ लागेल, ते बिघाड नाही. ज्या दिवशी अपडेट असेल त्या दिवशी लॉगिनच्या आधी "प्लीज वेट" लिहून मशीन काही मिनिटं तसंच राहील, त्या वेळी बटन दाबून बंद नका करू, तीन नंबरच्या काउंटरवर तसं झालं आणि अर्धवट इन्स्टॉल काढून मला नव्याने टाकावं लागलं. दादांची चूक नाही त्यात, समोर लाईन होती आणि हे असं दिसेल हे त्यांना कोणी सांगतलं नव्हतं. अपडेटच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः फोन करत जाईन.

खेड्यावरच्या शाखेच्या तीन मशीनचं तुम्ही विचारलं होतं. तिथे सध्या पॉलिसीने काही जाणार नाही, नेटवर्कच्या लाईनचा स्पीड 500 केबीपीएसच्या खाली गेला की विंडोज ती स्लो धरतो आणि सॉफ्टवेअर पाठवतच नाही. ती मर्यादा कमी करता येते, पण मी करणार नाही, एवढी मोठी फाईल त्या लाईनवरून ओढत बसली तर शाखा अकरा वाजेपर्यंत उघडणार नाही. तिथे पोरगा पेन ड्राइव्ह घेऊनच जाईल, त्याचे पैसे नाही लागणार.

फोन उचलला नाही म्हणता, ते त्या दुपारी चार वाजताचे तीन कॉल, मी तेव्हा दुसऱ्या गावी टॉवरवर होतो. तरी वापस लावायला पाहिजे होता, नाही लावला. तिसऱ्या दिवशीच्या व्हिजिटचे 800 रुपये घेतले होते ते पोराजवळ लिफाफ्यात दिले आहेत, शनिवारी तो त्या दोन होमवाल्या मशीनचा लायसन्सचा खर्च काय येईल ते घेऊन येऊन राहिला, तेव्हा पावतीसकट घ्या. तिन्ही डीएनएसवाल्या मशीन तुमच्यासमोर पुन्हा एकदा रिस्टार्ट करून दाखवायला पण त्याला सांगतलं आहे, तुम्ही साडेदहाच्या आत ऑफिसला असाल तर लाईन लागायच्या आधी होऊन जाईल.