कोफ्त्यात गरम मसाला नको

तुर्की कोफ्ता-पाव (पावात भरलेले खिम्याचे कोफ्ते) कसा करायचा, यावरच्या लेखातल्या कृतीत गरम मसाला आणि अंडं दोन्ही घातलंय. तुर्की कोफ्त्याला त्याची गरजच नाही! बुर्सा प्रांतातल्या इनेगोलचा कोफ्ता बघा: बीफ-लँबचा खिमा, कांदा, मीठ, थोडा खायचा सोडा, बस. खिमा मात्र चरबीवालाच घ्या, साधारण २० टक्के, नाहीतर कोफ्ते कोरडे होतात. भरपूर मळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की अंड्याशिवायही फुटत नाहीत. इस्तंबूलमध्ये स्टेडियमबाहेरच्या गाड्यांवर पाव चिरून कोफ्त्यांच्या सुटलेल्या रसात दाबून शेकतात. ही पायरी लेखात राहिलीय, आणि माझ्या मते खरी चव तिथेच येते. घरी त्याच तव्यावर सहज जमतं. आत टोमॅटो, भाजलेली हिरवी मिरची आणि सुमाक (आंबट चवीची लालसर पूड) चोळलेला कांदा. सुमाक नसेल तर लिंबू पिळा.