लिंबू, मिरची आणि तीन गेज

ब्रोकन हिलहून अ‍ॅडलेडला परत निघताना बायको म्हणाली, "आज घाई नको. वाटेतली छोटी छोटी गावं बघत निवांत जाऊ." मागच्या सीटवर मिरजेहून आलेले सासू-सासरे होते. सासरे रेल्वेतून निवृत्त. त्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला निवांत म्हणजे लेट.

बॅरियर हायवे पाचशे किलोमीटरच्या वर आहे आणि इतका सरळ, की स्टिअरिंग शोभेला दिलंय असं वाटावं. दोन्ही बाजूंना लाल माती, खुरटी झुडपं. कॉकबर्नला मी उत्साहाने सांगितलं, "बाबा, इथे न्यू साउथ वेल्स संपलं, साउथ ऑस्ट्रेलिया सुरू."

"बरं. गाव कुठाय?"

"गेलं."

तसंच ओलारी गेलं, मॅनाहिल गेलं. समोरून क्वचित गाडी आली, की तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करी. इथली पद्धतच ती. बाबा त्याला मागून दोन्ही हात जोडून नमस्कार करत. दोन-तीन ट्रेलर ओढणारी रोड ट्रेन धडधडत गेली, तेव्हा ते वळून बघत राहिले. "ट्रेन म्हणवतात, आणि गार्डाचा डबा नाही!"

युंटाला पेट्रोल आणि चहा. कप हातात येण्याआधी माश्या आल्या. नाकात, कानात, चष्म्याच्या आत. आईंनी एका हाताने पदर तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताने चहाचं रक्षण केलं. रविवार असल्यामुळे बाकी जे काही असेल ते बंद होतं.

खरी परीक्षा ऊडला विराच्या नाक्यावर. साउथ ऑस्ट्रेलियातल्या फळबागांना फळमाशी लागू नये म्हणून इथे गाड्या थांबवून फळं-भाज्या काढून घेतात. हे ठाऊक असल्यामुळे बायकोने तासभर आधीपासून सगळ्यांना संत्री सोलून चारली होती. अन्न टाकायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मग पोटाचं काहीही होवो. नाक्यावरच्या बाईंनी हसून विचारलं, "फळं, भाज्या?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून आरशाकडे गेली.

आरशाला लिंबू-मिरची लटकत होती. गाडी नवीन, आणि ती आईंनी स्वतः ओवलेली.

लिंबू बंदीत, मिरचीही बंदीत. दृष्ट म्हणजे काय हे सरकारी कर्मचाऱ्याला इंग्रजीत समजावणं फार अवघड असतं, विशेषतः मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. बाई अदबीने म्हणाल्या, "दोरा तुम्ही ठेवू शकता." आई पुढे बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "युंटाला त्या एवढ्या माश्या चालतात, आणि माझ्या लिंबातली न दिसणारी चालत नाही?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पीटरबरोला मात्र बाबांचा दिवस उजाडला. एके काळी इथे तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर वेगवेगळं असलेले तीन प्रकारचे रेल्वेमार्ग, एकत्र येत, आणि तिन्हींचे रूळ असलेलं इंजिन फिरवायचं टर्नटेबल इथल्या जुन्या रेल्वे शेडमध्ये अजून जपून ठेवलंय. मिरजेलाही एके काळी तिन्ही गेज होते. बाबांनी माहिती देणाऱ्या गृहस्थांकडून आकडे घेतले आणि हिशेब मांडला. "यांचा ब्रॉडगेज पाच फूट तीन इंच. आपला पाच फूट सहा." तीन इंचांनी भारत विजयी. "आणि नॅरो म्हणतात तो साडेतीन फुटी! आपल्या मीटरगेजहून मोठा. याला नॅरो कोण म्हणेल?" ते गृहस्थही जुने रेल्वेवाले निघाले. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नव्हतं. गप्पा दीड तास चालल्या.

पुढे टेरोवी. रुंद रस्ता, जुनी दगडी दुकानं, सगळ्यांना कुलपं. गेज बदलायचा म्हणून इथे सगळे गाडी बदलत, तेव्हा गाव गजबजलेलं असे. 20 मार्च 1942 रोजी, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांमुळे फिलिपिन्स सोडून आलेले अमेरिकेचे जनरल मॅकआर्थरही इथेच उतरले आणि फिलिपिन्सबद्दल बोलले, "मी परत येईन." फलाटावर तशी पाटी आहे. बाबांनी ती दोनदा वाचली.

"मग आला का?"

"फिलिपिन्सला गेला, बाबा. इथे नाही."

"बरोबर आहे. गाडी बदलायची नसेल तर इथे कोण उतरतंय?"

आई म्हणाल्या, "ते राहू द्या. इथलं बाथरूम उघडं आहे का ते बघा आधी. एवढी संत्री खायला लावलीत!"