जुन्या बोटी रंगवायला वय लागतं

निवृत्तीनंतर कुणी चित्रांत जुन्या बोटी आणि विंटेज गाड्या रंगवायला घेतल्या की लोक कौतुकानंच म्हणतात, "वा, छान वेळ जात असेल!" या वाक्याचा मला मनापासून राग येतो. तिशीतल्या चित्रकाराचं ते काम आणि पासष्टीतल्याचा मात्र विरंगुळा? मला तर वाटतं, हा विषय उतारवयातल्या हातातच जास्त खुलतो.

आल्फ्रेड वॉलिस बघा. जन्म 1855 चा. तरुणपणी शिडाच्या जहाजांवर आणि मासेमारी बोटींवर राबला, पुढे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, सेंट आइव्ह्ज बंदरात जहाजांच्या जुन्यापुराण्या सामानाचा धंदा केला. बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा सत्तरीच्या आसपास त्यानं ब्रश उचलला. चित्रकलेचं शिक्षण शून्य. कॅनव्हासऐवजी खोक्यांचे वेडेवाकडे पुठ्ठे आणि बोटींना फासतात तोच रंग. अंतराप्रमाणे वस्तू लहान-मोठी दिसते हा नियम त्याच्या गावीच नव्हता. त्याला जे महत्त्वाचं वाटे ते मोठं. पण जहाज लाटेवर कसं चढतं आणि बंदराच्या तोंडाशी पाणी कसं उसळतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. 1928 मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड या तरुण चित्रकारांना उघड्या दारातून त्याची चित्रं दिसली, आणि दोघांच्याही कामावर त्यांचा ठसा उमटला. वॉलिस मात्र 1942 मध्ये निराधारांच्या आश्रमात वारला. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह केंब्रिजच्या केटल्स यार्ड या कलादालनात आहे.

अशी नजर चार महिन्यांच्या क्लासात येत नाही. जुन्या गाडीचं चाक तिरकं पाहिलं की त्याचं लंबवर्तुळ होतं. ते केसभर चुकलं तरी गाडी लंगडी दिसते. क्रोमच्या चकचकीत मुलाम्याला स्वतःचा रंगच नसतो. हेडलाइटच्या वाटीत वर आकाश, खाली रस्ता आणि मध्ये क्षितिजाची गडद पट्टी उतरते. ती ओळखली नाही तर नुसता राखाडी पत्रा उरतो. लाकडी बोटीचं तर विचारूच नका. नाळेपासून वराम्यापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, जाणारी काठाची रेषा एकाच वेळी खाली झुकते आणि आतही वळते. फोटोवरून गिरवलं की फसलंच, कारण जवळून घेतलेल्या फोटोत गाडीचं पुढचं मडगार्ड सुजल्यासारखं दिसतं. ज्यानं आयुष्यभर यंत्रं उघडली, जोडली, पुसली, त्याला हे बघताक्षणी खटकतं आणि त्याचा हात ते आपसूक सुधारतो.

अमेरिकेचे चित्रकार पीटर हेल्क तर या वेडाचे मेरुमणीच. लहानपणी, 1906 मध्ये, त्यांनी व्हँडरबिल्ट कपची मोटारशर्यत पाहिली होती. त्या शर्यतीत धावलेली लोकोमोबिल कंपनीची गाडी 1908 मध्ये 16 नंबर लावून हा कप जिंकली. 1941 मध्ये हेल्कनी तीच गाडी विकत घेतली आणि 1988 मध्ये वारेपर्यंत जवळ ठेवली. त्यांच्या शर्यतीच्या चित्रांत धुळीलाही वजन आहे!

आणि इंग्लिश चित्रकार टर्नर? त्याचं 'फायटिंग टेमेरेअर' हे चित्र 1839 मध्ये प्रदर्शनात आलं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. 1805 च्या ट्रॅफल्गारच्या आरमारी लढाईत लढलेलं जहाज मोडीत निघालंय आणि काळी, धुरकट वाफेची टग, म्हणजे ओढबोट, त्याला ओढून नेतेय. प्रत्यक्षात तोवर त्या जहाजाच्या डोलकाठ्या काढून टाकलेल्या होत्या. टर्नरनं त्या परत उभ्या केल्या. जहाजाचा मान कशात असतो ते त्याला ठाऊक होतं, म्हणूनच हे धाडस जमलं.

म्हणून कलादालनं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अशी चित्रं 'ज्येष्ठांचे छंद' म्हणून वेगळ्या कोपऱ्यात टांगू नका. मुख्य भिंतीवर, बाकीच्या चित्रांच्या शेजारी लावा आणि चित्रकाराचं वय पाटीवर लिहू नका. आणि घरात कुणी अशी चित्रं काढत असेल तर "अगदी फोटोसारखं!" एवढ्यावर थांबू नका. त्या बोटीचं शीड कोणत्या वाऱ्यावर आहे, ते विचारा. पुढचा तासभर तुम्हाला जागचं हलावंसं वाटणार नाही.