खुलासा : ते अंडं रंगवलेलं नाही, आणि शहामृगाचंही नाही

चांदीच्या बैठकीवर उभं गडद हिरवं अंडं, बाजूला नेच्याची झाडं, पायथ्याशी कांगारू. अशा दौती-पेल्यांचे फोटो ‘शहामृगाच्या अंड्याला हिरवा मुलामा, इंग्लंडची कारागिरी’ म्हणून फिरतात. दोन्ही गोष्टी चूक.

शहामृगाचं अंडं साईच्या रंगाचं असतं. हे इमूचं आहे, रंग जन्मजात. आपल्याकडे ज्यांनी इमू पाळले, ते लगेच ओळखतील. कवच खरबरीत, वरचा थर खरवडला की खाली फिकट निळसर, त्याखाली पांढरा. अंडं दोन्ही टोकांना भोक पाडून रिकामं करत, आतून दांडी घालून चांदीला मळसूत्राने आवळत. एवढ्या नाजूक कवचावर हे जमवणारा हात किती स्थिर असेल!

असं काम १९व्या शतकात ऑस्ट्रेलियात, विशेषतः ॲडलेडला बहरलं. तिथले चांदीकाम करणारे योखिम वेंट मूळचे आजच्या उत्तर जर्मनीतल्या होल्स्टाइनचे, १८५४मध्ये आलेले. तिथलेच दुसरे कारागीर हेन्री स्टायनरही जर्मनच. चांदीच्या शुद्धतेची इंग्लिश खूण असलेला सिंहाचा ठसा दिसला म्हणून वस्तू इंग्लंडची ठरत नाही. वसाहतीत सरकारी ठशाची सोय नव्हती. कारागीर आपल्या नावासोबत इंग्रजी धाटणीची चिन्हं स्वतःच उमटवत. आधी नाव वाचा.