‘धोका वाटला’ म्हणजे ‘हल्ला झाला’ नव्हे

कुठेही युद्ध पेटले की एक दावा हमखास फिरू लागतो : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम 51 प्रत्येक देशाला स्वसंरक्षणाचा हक्क देते, म्हणून शत्रूपासून धोका वाटल्यास आधीच हल्ला करणे कायदेशीर आहे, आणि नसले तरी बिघडत नाही, कारण सुरक्षा परिषदेचा कोणताही स्थायी सदस्य एकटा ठराव रोखू शकतो आणि या नकाराधिकारामुळे हा कायदा कागदावरच आहे. या दाव्याच्या आधारावर माणसे मारली जातात, म्हणून तो शब्दाशब्दाने तपासायला हवा.

कलम 51 मधला हक्क ‘सशस्त्र हल्ला झाल्यास’ लागू होतो. शेजाऱ्याची वाढती शस्त्रसज्जता किंवा त्याच्या नेत्यांची चिथावणीची भाषणे यांचा तिथे उल्लेखही नाही. शिवाय हे कलम अपवाद आहे. मूळ नियम कलम 2(4) मध्ये आहे, आणि तो दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरण्याचीच नव्हे, तर तशी धमकी देण्याचीही मनाई करतो.

हल्ला अगदी दारात येऊन ठेपला असेल तर काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर विधिज्ञांत मतभेद आहेत. या चर्चेत ‘कॅरोलाइन’ प्रकरणाचा दाखला नेहमी दिला जातो. डिसेंबर 1837 मध्ये कॅनडातील बंडखोरांना रसद पुरवणारे हे जहाज नायगारा नदीच्या अमेरिकी काठाला बांधलेले असताना ब्रिटिश तुकडीने रात्री नदी ओलांडून ते ताब्यात घेतले, पेटवले आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिले. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी घातलेली अट अशी होती की, गरज तत्काळ व अनिवार असावी, आणि दुसरा मार्ग निवडायला किंवा विचार करायलाही क्षणभर उसंत नसावी. महिनोन्‌महिने आखलेली मोहीम या अटीत कशी बसेल? 1981 मध्ये इस्रायलने भावी अण्वस्त्रांचे कारण देऊन इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा सुरक्षा परिषदेने ठराव 487 एकमताने संमत करून त्या हल्ल्याचा तीव्र निषेध केला; त्या एकमतात अमेरिकेचेही मत होते.

नकाराधिकाराचा दोष मी नाकारत नाही. तो गंभीर आहे. पण नकाराधिकाराने परिषदेची कारवाई अडते, बेकायदा कृत्य कायदेशीर होत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर चाल करताना रशियानेही कलम 51 चाच हवाला दिला आणि परिषदेतला ठराव नकाराधिकाराने रोखला. तरीही 2 मार्च रोजी आमसभेत 141 देशांनी त्या आक्रमणाविरुद्ध मत दिले. मध्य अमेरिकेतील निकाराग्वाने अमेरिकेवर बेकायदा बळ वापरल्याचा आरोप करत खटला भरला होता, आणि अमेरिकेने स्वसंरक्षणाचे कारण पुढे केले होते; त्या निकाराग्वा खटल्याच्या 1986 च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले आहे की, नियम मोडणारा देश जेव्हा अपवादाचा आधार घेऊन आपले समर्थन करतो, तेव्हा त्या नियमाला दुजोराच मिळतो.

दावा पसरवणारे कलम 51 चा उत्तरार्धही गाळतात : स्वसंरक्षणाची कारवाई सुरक्षा परिषदेला लगेच कळवणे बंधनकारक आहे. निकाराग्वा प्रकरणी अमेरिकेने तसे कळवले नव्हते. आपण स्वसंरक्षण करत आहोत यावर त्या देशाचा स्वतःचा तरी विश्वास होता का, हे ठरवताना असा अहवाल नसणेही विचारात घेता येते, असे न्यायालयाने त्याच निकालात नोंदवले.