बोटॉक्स घेतल्याने डिप्रेशन जातं?

“कपाळाला बोटॉक्स घ्या, आठ्या जातील आणि डिप्रेशनही जाईल. आठी पडली नाही की मेंदूला दुःख कळत नाही. गोळ्यांची गरज नाही, तोटा काहीच नाही, संशोधनाने सिद्ध झालंय.” असे रील आणि फॉरवर्ड सारखे फिरताहेत. बोटॉक्स म्हणजे स्नायू ढिले करून सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोकांना ते पटतं.

‘सिद्ध झालंय’? २००६ मध्ये एरिक फिन्झी या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने नैराश्याच्या १० रुग्णांना भुवयांमध्ये हे इंजेक्शन दिलं. दोन महिन्यांनी ९ जण बरे दिसले, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढे २०१२ मध्ये ३० आणि २०१४ मध्ये ७४ जणांवर झालेल्या चाचण्यांत तुलनेला नुसत्या सलाइनचं (मिठाच्या पाण्याचं) इंजेक्शन घेणारा गट होता, तिथेही बोटॉक्सचा गट पुढे राहिला. खरी मेख इथेच आहे. आठ्या गेल्या की नाही, हे आरशात दिसतं. आपल्याला औषध मिळालं की नुसतं सलाइन, हे रुग्णाला बऱ्याचदा ओळखता येतं, आणि औषध मिळाल्याच्या खात्रीनेही उभारी येते. २०२० मध्ये २५५ स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. सहा आठवड्यांच्या मुख्य मोजणीत ३० युनिटच्या डोसचा फरक ग्राह्य ठरण्याइतका भरला नाही, ५० युनिटचा तर दिसलाच नाही. डोस वाढवल्यावर गुण येऊ नये, हे मला सर्वांत खटकतं.

‘आठी पडली नाही की मेंदूला दुःख कळत नाही’ हे कारणही डळमळीत आहे. दातांत पेन धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्रं जास्त गमतीशीर वाटतात, असं १९८८ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, तसा परिणाम मिळाला नाही. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०२० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासल्या, त्यात बोटॉक्स घेणाऱ्यांत इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षा नैराश्याच्या तक्रारी ४० ते ८८ टक्के कमी होत्या. फॉरवर्डवाले हाच आकडा मिरवतात. पण त्यांत मानेला, हातापायांना इंजेक्शन घेतलेलेही होते. तिथे कपाळाच्या आठीचा काय संबंध? शिवाय त्या नोंदी लोकांनी आपणहून कळवलेल्या, कोणाचं नैराश्य मोजलेलं नव्हतं.

‘तोटा काहीच नाही’ हेही खरं नाही. डोळ्यांच्या कडेला इंजेक्शन दिलं की मनापासून हसताना आवळणारा स्नायूच ढिला पडतो, म्हणजे हसूही फिकं पडू शकतं.

आणि ‘गोळ्यांची गरज नाही’ हे वाक्य तर कृपा करून कोणाला पाठवू नका. बोटॉक्सचा असर तीन-चार महिने टिकतो आणि नैराश्यावरचा उपचार म्हणून त्याला मान्यता नाही. चालू गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते, आजार उलटू शकतो. गोळ्या झेपत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञांना तसं सांगा, त्या हळूहळू बदलता येतात. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.